ख्रिस्ती भक्तिचित्र कसं पाहावं: कथा, खुणा आणि रंगवणाऱ्याची श्रद्धा

वसई, वांद्रे किंवा गोव्यातल्या कॅथलिक घरांत दर्शनी भिंतीवर येशूचं एक चित्र बहुतेक वेळा दिसतं. छातीवर उघडं हृदय, हृदयाभोवती काट्यांचं वेटोळं, वर ज्वाळा आणि ज्वाळांत उभा छोटा क्रूस. घरच्यांच्या ते इतकं अंगवळणी पडलेलं असतं की समजावून सांगावं असं त्यांना वाटत नाही. बाहेरून आलेल्याला विचारायचा संकोच होतो, आणि त्याच्यापुरतं ते ‘त्यांच्या देवाचं चित्र’ एवढंच राहतं. हा लेख अशा संकोचलेल्या माणसासाठी आहे. लहानपणापासून अशा चित्रासमोर गुडघे टेकले, पण ते कधी निरखलं नाही, अशांसाठीही आहे.

कोकरू म्हणजे काय, लिली म्हणजे काय, याच्या याद्या कुठेही मिळतात. त्या पाठ केल्या तरी चित्र उलगडत नाही, असं माझं ठाम मत आहे. खूण कोणी काढली, कोणासाठी काढली आणि काढताना त्याचं स्वतःचं काय पणाला लागलं होतं, हे विचारायला लागलं की चित्र बोलू लागतं. खालच्या पायऱ्या त्या प्रश्नापर्यंत पोचण्यासाठी आहेत.

पायरी १: पाटी नंतर वाचा

संग्रहालयात आपण चित्रापेक्षा त्याच्या शेजारची पाटी जास्त वेळ पाहतो. ते उलटं करा. पहिली दहा मिनिटं काहीही वाचू नका, मोबाइल खिशात ठेवा आणि वहीत चारच गोष्टी टिपा. उजेड कुठून येतोय? कोण कोणाकडे पाहतंय? हात काय करताहेत? आणि मोकळी जागा कुठे सोडली आहे?

हातांकडे विशेष लक्ष द्या. ग्रीक आणि रशियन परंपरेतल्या जुन्या पवित्र प्रतिमांत आशीर्वाद देणाऱ्या येशूची बोटं अशी मुडपलेली असतात की त्यांतून त्याच्या नावाची ग्रीक अक्षरं तयार होतात. हे ठाऊक नसलं तरी बोटांची ठेवण सहज नाही एवढं डोळ्यांना कळतं, आणि सुरुवातीला तेवढं पुरतं.

पायरी २: कथा शोधा, मग मजकुराशी ताडून पाहा

ख्रिस्ती चित्रांचा पसारा प्रचंड असला तरी प्रसंग मोजके आहेत. गब्रीएल देवदूत मरियेला, म्हणजे येशूच्या आईला, निरोप देतो. गोठ्यात बाळ जन्मतं. ज्ञानी लोक भेटी घेऊन येतात. योहान बाप्तिस्मा देतो. शेवटचं भोजन, गेथशेमानेची बाग, क्रूस, आईच्या मांडीवर उतरवलेला देह, रिकामी कबर. नवख्या माणसाला सगळं बायबल वाचायची गरज नाही. शुभवर्तमान म्हणजे बायबलमधलं येशूच्या चरित्राचं पुस्तक. लूकच्या शुभवर्तमानाचे पहिले दोन अध्याय आणि योहानाच्या शुभवर्तमानाचे (हा बाप्तिस्मा देणारा योहान नव्हे) १८ ते २० वाचले, तर चर्चमध्ये दिसणारी बरीचशी चित्रं ओळखता येतात.

आता या लेखातली सगळ्यात उपयोगी युक्ती. प्रसंग ओळखलात की तो मजकूर उघडा आणि चित्राशेजारी ठेवा. मजकुरात नाही पण चित्रात आहे, अशी प्रत्येक गोष्ट वेगळी लिहून काढा. लूकनं गव्हाणीतल्या बाळाबद्दल लिहिलं, पण बैल आणि गाढव यांचा उल्लेखही केलेला नाही. तरी ते शेकडो चित्रांत बाळावर वाकलेले दिसतात. ते यशया संदेष्ट्याच्या पहिल्या अध्यायातून आले: बैलाला आपला धनी कळतो, गाढवाला धन्याचं ठाण कळतं, माझ्या लोकांना मात्र कळत नाही. मरियेच्या आणि देवदूताच्या मधली लिलीही लूकमध्ये नाही. तिच्या कौमार्याची खूण म्हणून चित्रकारांनी ती आणली. मजकूर जिथे गप्प आहे आणि चित्र बोलतंय, तिथेच चित्रकाराचं किंवा त्याच्या काळाचं मन सापडतं.

पायरी ३: माणसं ओळखा

इथे फार रेंगाळू नका. पेत्राच्या हातात किल्ल्या, पौलाच्या हातात तलवार. चार शुभवर्तमानकारांपैकी मत्तयाजवळ पंख असलेला माणूस, मार्कजवळ सिंह, लूकजवळ बैल, योहानाजवळ गरुड. तेजोवलयात क्रूस असेल तर तो येशू. हुतात्मे बहुधा ज्यानं छळ झाला तेच हातात धरतात: लॉरेन्स लोखंडी जाळी, कॅथरीन चाक. गोव्यात संत फ्रान्सिस झेवियर छातीवरचा झगा बाजूला करताना दिसतील, आत ज्वाळा असतात.

बार्थोलोम्यूपाशी मात्र थांबा. त्याची कातडी सोलली गेली, म्हणून तो आपलीच कातडी हातात धरतो. व्हॅटिकनच्या सिस्टाइन चॅपेलमधल्या अंतिम न्यायाच्या भित्तिचित्रात (१५३६–४१) मायकेलअँजेलोनं ती लोंबती कातडी रंगवली, आणि तिच्यावरचा चेहरा त्याचा स्वतःचा आहे असं बहुतेक अभ्यासक मानतात. न्यायाच्या दिवशी आपण संतांच्या रांगेत नसू, एका संताच्या हातातलं रिकामं सालपट असू, असं त्याला वाटलं असेल का? ठरलेली खूण तीच राहिली आणि तिच्यात एका माणसाची भीती शिरली.

रंगांबद्दल एकच सांगते. मरियेच्या वस्त्राचा गर्द निळा रंग जुन्या युरोपात अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून येणाऱ्या लाजवर्द या निळ्या दगडापासून बनत असे. तो इतका महाग होता की कोणत्या प्रतीचा निळा वापरायचा हे चित्रकाराशी केलेल्या करारात लिहिलं जाई. तो रंग देणगीदाराच्या भक्तीचं आणि त्याच्या थैलीचं दोन्हींचं माप सांगतो.

पायरी ४: एकच चित्र घ्या आणि त्याच्याशी राहा

सरावासाठी मी नवख्यांना नेहमी विल्यम होल्मन हंट या इंग्रज चित्रकाराचं ‘जगाचा प्रकाश’ सुचवते. तो १८२७ ते १९१० या काळातला. हे चित्र त्यानं १८५१ ते १८५३ मध्ये रंगवलं आणि ते ऑक्सफर्डच्या केबल कॉलेजमध्ये आहे. दार ठोठावणाऱ्या येशूची जी छापील चित्रं आपल्याकडे घराघरांत पोचली, त्यांतल्या पुष्कळांच्या मागे हीच रचना आहे. चांगली प्रत इंटरनेटवर सहज मिळते. ती मोठ्या पडद्यावर उघडा आणि मगच पुढचं वाचा.

आधी मजकूर. बायबलमधल्या प्रकटीकरण या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात प्रभू म्हणतो: पाहा, मी दाराशी उभा आहे आणि ठोकत आहे, कोणी माझी वाणी ऐकून दार उघडलं तर मी आत येईन आणि त्याच्याबरोबर जेवेन. मूळ एवढंच. रात्र नाही, कंदील नाही, झाड नाही.

आता चित्रात जास्तीचं काय आहे ते पाहा. दारावर वेल चढले आहेत, बिजागऱ्या आणि खिळे गंजले आहेत. उंबऱ्याशी काटेरी झुडपं वाढली आहेत, म्हणजे हे दार कधी उघडलंच गेलेलं नाही. वर एक वटवाघूळ. मागे फळबाग, पायाशी गळून पडलेली सफरचंदं. येशूच्या डोक्यावर सोन्याचा मुकुट आणि त्यातच गुंफलेला काट्यांचा मुकुट, आणि त्या काट्यांना पालवी फुटते आहे. दाराला बाहेरून मूठच नाही. ते आतूनच उघडावं लागणार.

उजेड दोन आहेत. एक हातातल्या कंदिलाचा, लालसर. तो दारावर, गवतावर आणि पडलेल्या फळांवर पडतो. दुसरा येशूच्या मस्तकाभोवतीचा, शांत. १८५४ मध्ये हे चित्र लंडनच्या रॉयल अकॅडमीत लागलं तेव्हा पाहणारे बरेच गोंधळले. मग जॉन रस्किन या समीक्षकानं टाइम्समध्ये पत्र लिहून उलगडा केला: कंदील हा सदसद्विवेकाचा उजेड, तो माणसाला आपली पापं दाखवतो, मस्तकाचं तेज हे तारणाच्या आशेचं. पहिला उजेड बोचतो आणि दुसरा धीर देतो. हे वाचून पुन्हा चित्र पाहिलंत की तो लाल रंग वेगळाच वाटायला लागतो.

हंटनं पुढे स्वतः लिहिलं की बंद दार म्हणजे हट्टानं मिटलेलं मन, तण म्हणजे रोजच्या हेळसांडीनं साचलेले अडथळे आणि अंधारातच उडणारं वटवाघूळ म्हणजे अज्ञान. या खुणा त्यानं चर्चच्या जुन्या परंपरेतून उचलल्या नव्हत्या. साध्या, निसर्गातल्या गोष्टींतून त्यानं त्या घडवल्या. म्हणूनच मी हे चित्र सुचवते. तण वाढलेलं बंद दार समजायला कुठलाही कोश लागत नाही. ज्याच्या गावाकडचं घर वर्षानुवर्षं कुलूपबंद आहे, त्या कोकणातल्या माणसाला तर ते कुणी सांगायलाच नको.

सगळ्यांनाच ते आवडलं असं नाही. इतिहासकार थॉमस कार्लाइल चित्रशाळेत आला आणि चांगलाच भडकला. भटक्या, गरीब येशूला रत्नजडित झगा कशाला, असा त्याचा आक्षेप होता. माझ्या मते त्याचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. हंटला राजा आणि याजक दाखवायचा होता, कार्लाइलला नासरेथचा सुतार हवा होता. प्रत्येक खूण काहीतरी दाखवताना दुसरं काहीतरी झाकते. पाहताना काय झाकलं गेलं तेही वहीत लिहा.

पायरी ५: चित्र कुठे होतं आणि कोणासमोर होतं

भक्तिचित्र मुळात संग्रहालयासाठी काढलेलं नसतं. ते वेदीवर, मठाच्या खोलीत किंवा आजाऱ्याच्या खाटेसमोर असतं. ती जागा कळली नाही तर अर्धं चित्र निसटतं.

फ्रान्समधल्या कोल्मार गावात उंटरलिंडन संग्रहालयात माथियस ग्र्यूनेवाल्डनं १५१२ ते १५१६ च्या सुमारास रंगवलेला इझेनहाइमचा वेदीपट, म्हणजे वेदीवर उभारायचं चित्र, आहे. क्रुसावरच्या येशूचं शरीर पाहवत नाही. कातडी हिरवट, अंगभर जखमा, बोटं वेदनेनं ताठरलेली. सुंदर येशू पाहायची सवय असलेल्याला पहिल्यांदा तिटकारा येतो. पण हा पट अंतोनी संप्रदायाच्या मठासाठी होता आणि तो मठ ‘संत अंतोनीच्या आगी’नं पोळलेल्या रोग्यांची सेवा करी. राय नावाच्या धान्यावरच्या बुरशीतून होणारा तो रोग: अंगाची आग, सडणारे हातपाय. रोग्यांना या वेदीसमोर आणत. स्वतःचं सडणारं शरीर घेऊन आलेल्या माणसाला आपल्यासारखाच देह क्रुसावर दिसे. जखमा कुणाच्या डोळ्यांसाठी रंगवल्या हे कळलं की तिटकारा ओसरतो.

आता दुसऱ्या पायरीची युक्ती इथे वापरा. क्रुसाच्या उजव्या बाजूला बाप्तिस्मा करणारा योहान उभा आहे. शुभवर्तमानानुसार येशूला क्रुसावर देण्याच्या पुष्कळ आधी त्याचा शिरच्छेद झाला होता. मग तो इथे कसा? त्याचं लांब बोट येशूकडे आहे आणि त्याच्याजवळ लॅटिनमध्ये त्याचेच शब्द लिहिले आहेत: त्याची वृद्धी व्हावी व माझा ऱ्हास व्हावा. पायाशी कोकरू, त्याच्या छातीतून रक्ताची धार पात्रात पडते आहे. योहानानंच येशूला देवाचं कोकरू म्हटलं होतं. चित्रकारानं काळाचा क्रम मोडला तो साक्ष देण्यासाठी.

फ्लॉरेन्सच्या सान मार्को मठात याच्या नेमकं उलट पाहायला मिळतं. फ्रा अँजेलिको हा स्वतः डोमिनिकन संन्यासी. १४३८ नंतरच्या काही वर्षांत त्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तिथल्या खोल्या रंगवल्या, मठातल्या एकेका संन्याशासाठी एकेक चित्र. सातव्या खोलीत येशूची विटंबना आहे, पण शिपाई नाहीत. नुसते हवेत तरंगणारे हात, एक काठी, थुंकणारं एक तोंड. कथा संन्याशाला पाठ होती, त्याला इशारा पुरेसा. खाली या संप्रदायाचा संस्थापक संत डोमिनिक मांडीवर पुस्तक घेऊन वाचत बसला आहे आणि वर चाललेल्या प्रकाराकडे त्याची नजरही नाही. ध्यान कसं करावं हे त्या खोलीत राहणाऱ्याला तो बसून दाखवतो.

घरातल्या पवित्र हृदयाच्या चित्रालाही हीच पायरी लागू होते. सतराव्या शतकात फ्रान्समधल्या पारे-ले-मोनियाल गावात मार्गारेट मेरी अलाकोक या धर्मभगिनीला जे दर्शन झालं, त्यातून ही भक्ती पसरली. पोम्पेओ बातोनीनं अठराव्या शतकात रोमच्या जेझू चर्चसाठी रंगवलेल्या चित्रानं तिला जगभर चेहरा दिला. ते हृदय शरीराबाहेर आहे कारण ते देऊ केलेलं आहे. ओळखीच्या घरी ते असेल तर घरातल्या सगळ्यांत वडील बाईंना विचारा: “हे इथे कधी लावलं? कोणत्या निमित्तानं?” गृहप्रवेश, आजारपण, समुद्रावर गेलेला मुलगा, असं काही ना काही निघतं. ती माहिती कुठल्याच पाटीवर नसते.

पायरी ६: रंगवणाऱ्याची श्रद्धा कुठे दिसते

इथे नवखे हमखास घाई करतात. चित्र भक्तीचं म्हणजे चित्रकार भक्त, असं धरून चालू नका. पुष्कळ चित्रं मागणीप्रमाणे बनली. श्रद्धेचा पुरावा चित्रात आणि चित्र करण्याच्या रीतीत शोधावा लागतो.

हंटकडे परत या. खरा चांदण्यातला उजेड हवा म्हणून सरेमधल्या एका शेतावरच्या फळबागेत तो थंडीच्या रात्री बाहेर बसून रंगवत असे, पाय गवत भरलेल्या पोत्यात खुपसून, पहाटेपर्यंत. हा विषय आपण केवळ चांगला म्हणून निवडला नाही, आपली लायकी नसतानाही देवाची आज्ञा समजून केला, असं त्यानं नंतर लिहिलं. आणि कॅनव्हासच्या कडेला, चौकटीखाली झाकलं जाईल अशा जागी, त्यानं लॅटिनमध्ये एक विनवणी लिहून ठेवली: प्रभू, मला वगळून पुढे जाऊ नकोस. प्रेक्षकासाठी ती नव्हतीच. बंद दारामागे कोण आहे असं त्याला वाटत होतं ते त्या एका ओळीत आहे. पुढे म्हातारपणी, दृष्टी अधू झालेली असताना, त्यानं मदतनीस घेऊन हेच चित्र पुन्हा मोठ्या आकारात केलं. ते लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये आहे.

पण उत्कट श्रद्धा असली की चित्र पोचतंच असंही नाही. मृत समुद्राच्या काठी जाऊन, प्रत्यक्ष बोकड समोर बांधून हंटनं ‘पापवाहक बोकड’ रंगवला. बायबलमधल्या लेवीय पुस्तकातल्या विधीप्रमाणे लोकांची पापं ज्याच्यावर लादून रानात सोडतात तो बोकड, शिंगांना लाल पट्टी. त्याच्या दृष्टीनं तो येशूच होता. १८५६ मध्ये लंडनमधल्या प्रेक्षकांना मात्र खारट चिखलात रुतलेलं एक थकलेलं जनावर दिसलं. चौकटीवर बायबलची वचनं कोरूनही फार उपयोग झाला नाही. खूण चित्रकाराइतकीच पाहणाऱ्याच्याही ओळखीची असावी लागते, हे मला या चित्रानं शिकवलं.

पायरी ७: आपल्याकडचा चित्रकार पाहा

खूण पाहणाऱ्याच्या ओळखीची कशी करायची, हा प्रश्न आंजेलो द फोन्सेकानं आपल्या मातीत विचारला. जन्म १९०२, गोव्यातलं सांत इस्तेव. मुंबईच्या जे. जे. स्कूलमधून तो बंगालकडे वळला, अवनींद्रनाथ ठाकूर आणि शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्याकडे शिकला. परतल्यावर त्यानं मरियेला साडी नेसवली. सावळी, अनवाणी, आपल्याकडच्या कुठल्याही अंगणात शोभेल अशी. पोर्तुगीज अमलातल्या गोव्यात गोऱ्या, निळ्या झग्यातल्या मरियेची सवय असलेल्या पुष्कळांना ते खपलं नाही. तो पुण्यात आला आणि शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात राहिला. आश्रम अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या, मंडळींनी उभा केलेला, हा कॅथलिक; त्याला त्यात अडचण वाटली नाही. १९६७ मध्ये पुण्यातच तो गेला.

त्याची चित्रं पाहताना बदललेल्या खुणांपेक्षा न बदललेल्या खुणा आधी टिपा. तेजोवलय तसंच आहे. बाळाला आईनं छातीशी धरणं तसंच आहे. मग जे बदललं ते पाहा: रंगांचा पातळ, ओलसर थर, मिटत आलेले डोळे, पदराची रेघ. लग्नानंतर त्याच्या मरियेत पत्नीचा चेहरा दिसू लागला. काहींना हे धाडस वाटतं. मला ती त्याच्या विश्वासाची सगळ्यात सरळ कबुली वाटते: देव माणसांत जन्मला हे खरं मानलं, तर त्याच्या आईचा चेहरा आपल्या घरातला असायला कसली हरकत?

भारतीय खुणा म्हणजे नुसती सजावट, असा आरोप अशा चित्रांवर होतो. काही चित्रांच्या बाबतीत तो खराही आहे. लिली काढून कमळ ठेवलं की काम झालं असं नसतं. पण केरळमध्ये कमळावर उभा असलेला दगडी क्रूस शतकानुशतकं पुजला जातो. तिथे कमळ उसनं घेतलेलं वाटत नाही. फोन्सेकाच्या चित्रांतही मला ते उसनं वाटत नाही, कारण त्यात त्यानं आपलं गाव आणि नाव दोन्ही घालवायची तयारी दाखवली होती.

जायचं तर कुठे आणि कसं

फोन्सेकाच्या चित्रांचा मोठा संग्रह गोव्यात पर्वरीच्या झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्चकडे आहे. कागदावरचे जलरंग फार उजेड सोसत नाहीत, त्यामुळे सगळी चित्रं कायम टांगलेली मिळतील असं धरू नका. आधी चौकशी करून जा. त्याच फेरीत जुन्या गोव्यातलं सांता मोनिका मठाच्या आवारातलं ख्रिस्ती कला संग्रहालय पाहा. तिथे पेलिकन पक्ष्याच्या आकाराचं पवित्र भाकर (उपासनेत येशूचं शरीर मानली जाणारी भाकर) ठेवण्याचं पात्र आहे. हा पक्षी स्वतःची छाती फोडून पिल्लांना रक्त पाजतो अशी जुनी समजूत होती, म्हणून तो येशूची खूण झाला. मग शेजारच्या बॉम जेझू बॅसिलिकाच्या दर्शनी भागावर येशूच्या नावाची IHS ही तीन अक्षरं शोधा. जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाची ती मुद्रा एकदा ओळखली की गोव्यात जागोजागी दिसते.

चर्चमध्ये पाहायला जाताना मिस्साची, म्हणजे सामूहिक उपासनेची, वेळ टाळा, किंवा मागच्या बाकावर बसून ती संपेपर्यंत थांबा. वेदीजवळ लाल दिवा तेवत असेल तर तिथे पवित्र भाकर ठेवलेली आहे असं समजा. त्या बाजूला मोठ्यानं बोलू नका, फ्लॅश वापरू नका आणि कुणी गुडघे टेकून असेल तर त्याच्यासमोरून जाऊ नका. वही सोबत ठेवा, पण एका दिवसात दोनपेक्षा जास्त चित्रं त्यात लिहू नका.